देणाऱ्यांच्या बैठकीत घेणारे कुठे आहेत?

ख्रिस्ती मंडळ्या, म्हणजे गावोगावची चर्चेस, मदतीचं काम मनापासून करतात. शिधावाटप, दवाखाने, शिष्यवृत्त्या, बेघरांसाठी निवारा, निर्वासितांना कायद्याचा सल्ला. सरकार पोचत नाही तिथे अनेकदा मंडळी पोचते. या कामाबद्दल मला आदर आहे आणि पुढे जे लिहिणार आहे ते या कामाच्या बाजूनेच आहे. पण एक प्रश्न मंडळ्यांनी स्वतःला विचारायलाच हवा, आणि पुरोगामी म्हणवणाऱ्या मंडळ्यांनी तर सगळ्यांत आधी. या कामाचे निर्णय ज्या बैठकीत होतात, तिथे मदत घेणारी किती माणसं बसतात? मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी एकही नाही.

हा कारभारातला किरकोळ तपशील आहे असं समजून तो बाजूला सारला जातो. मला तो श्रद्धेच्या गाभ्याचा प्रश्न वाटतो. प्रेमाबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा देण्याबद्दलच बोलत असतो. घ्यावं कसं, कोणाकडून, आणि घेताना आपलं काय होतं, याबद्दल उपदेशात फारसं ऐकू येत नाही. फक्त देत राहणारा आणि कधीच न घेणारा माणूस वरच्या पायरीवर राहतो, मग त्याचा हेतू कितीही निर्मळ असो.

पुरोगामी मंडळ्यांचं नाव मी मुद्दाम घेतलं. स्त्रियांना पाळकपद, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूचं पद, मिळावं, समलिंगी माणसांना मंडळीत मानाने वावरता यावं, वंशभेद हे पाप आहे असं व्यासपीठावरून स्पष्ट सांगितलं जावं, यासाठी या मंडळ्यांनी टीका सोसली, सभासद गमावले. समतेची भाषा त्यांच्या तोंडी पक्की बसली आहे. एवढं असूनही त्यांच्या मदतकार्याचा चेहरा जुन्या धर्मादायासारखाच राहतो, तेव्हा दुखतं.

एका मंडळीच्या साप्ताहिक शिधावाटपात एक बाई कित्येक महिने येत होत्या. रांगेतल्या कोणाला वाचता येत नाही, कोणाच्या घरी मधुमेहाचं पथ्य आहे, कोणते आजोबा लाजेने सगळ्यांत शेवटी उभे राहतात आणि त्यामुळे त्यांच्या वाट्याला उरलंसुरलं येतं, हे सगळं त्यांना तोंडपाठ. एकदा त्यांनी विचारलं, यादीच्या कामात मी हात लावू का? समितीने विषय बैठकीत घेतला, थोडी चर्चा केली आणि नम्रपणे नकार कळवला. लाभार्थ्याला स्वयंसेवक होता येत नाही, असा नियम होता. नियमामागे कारणही होतं, आपल्या माणसांना झुकतं माप दिलं जाईल ही भीती. पण त्याच बैठकीत बसलेले देणगीदार आपापल्या ओळखीच्या घरांची नावं यादीत सुचवत होते, आणि त्याला कोणी झुकतं माप म्हणत नव्हतं. पुढच्या आठवड्यात त्या बाई पुन्हा रांगेत उभ्या होत्या. रांगेतूनच त्यांनी टेबलामागच्या मुलाला हळूच सांगितलं, त्या आजोबांची पिशवी आधी बाजूला काढून ठेव. मंडळीच्या अर्जात ‘गरज’ असा एक मोठा रकाना होता. ‘तुम्हाला काय येतं’ असा रकाना नव्हता.

येशूचं चरित्र सांगणारी शुभवर्तमानं या बाबतीत आपल्या बरीच पुढे आहेत. लूकच्या शुभवर्तमानात आठव्या अध्यायाच्या सुरुवातीला एक उल्लेख येतो, ज्यावर उपदेश क्वचितच ऐकायला मिळतो. मग्दालीया मरीया, हेरोदाच्या कारभाऱ्याची बायको योहान्ना, सुसान्ना आणि इतर पुष्कळ स्त्रिया आपल्या पैशातून येशूची आणि त्याच्या शिष्यांची सोय पाहत होत्या. म्हणजे येशूचा चरितार्थ दुसऱ्यांच्या पैशावर, आणि तोही स्त्रियांच्या पैशावर चालत होता. तो दुसऱ्याच्या होडीत बसून शिकवतो, दुसऱ्याच्या शिंगरावर बसून यरुशलेमात येतो, शेवटचं भोजन दुसऱ्याच्या माडीवर करतो, आणि त्याला ठेवतात तेही दुसऱ्याने दिलेल्या कबरेत. विहिरीवरच्या शोमरोनी, म्हणजे यहुदी ज्यांना हलकं मानत त्या समाजातल्या, स्त्रीशी त्याचं बोलणं सुरू होतं ते तिच्याकडे पाणी मागून. जक्कय नावाच्या जकातदाराला तो काहीच देऊ करत नाही, आज तुझ्या घरी उतरणार एवढंच सांगतो. शिष्यांना गावोगाव धाडताना थैली नको, झोळी नको, वहाणा नकोत, पुढ्यात वाढतील ते खा, असं बजावतो.

या शेवटच्या सूचनेचा आपण पुरेसा विचार केलेला नाही. रिकाम्या हाताने आलेला माणूस दारात उभा राहतो, तेव्हा घरात जे काही असेल त्याला किंमत येते. भाकरीचा तुकडा असो, अंथरायला चटई असो, त्या घरातला माणूस त्या क्षणी देणारा असतो. येशूने आपल्या माणसांना दाता करून पाठवलं नाही, पाहुणा करून पाठवलं. पुढच्या शतकांत मिशनची गलबतं भरभरून निघाली तेव्हा ही गोष्ट मागेच राहिली, आणि तिची किंमत ज्यांना ‘दिलं’ गेलं त्यांनी मोजली.

चांगल्या शोमरोन्याची, म्हणजे लुटून रस्त्यात टाकलेल्या माणसाला उचलणाऱ्याची, गोष्टही आपण सोयीने ऐकतो. ऐकताना प्रत्येक जण स्वतःला शोमरोन्याच्या जागी बघतो. गोष्ट मात्र एका शास्त्र्याच्या प्रश्नावरून सुरू झालेली आहे. माझा शेजारी कोण, म्हणजे मदत करायची ती कोणाला, अशी त्याची शंका. येशू गोष्ट सांगून संपवतो आणि उलटाच प्रश्न विचारतो. लुटारूंच्या हाती सापडलेल्या माणसाचा शेजारी कोण झाला? या प्रश्नाने शास्त्र्याला रस्त्याकडेला अर्धमेलं पाडून ठेवलं आहे. त्याच्या जखमांवर तेल ओततो आहे तो त्याला ज्याचा विटाळ वाटतो तो माणूस. त्याच्या हातून उपचार करून घ्यायची तुझी तयारी आहे का, हा या गोष्टीतला अवघड भाग. मदत करायला आपल्यापैकी बहुतेक जण तयार असतात. ज्याला आपण मनातून खालचा समजतो, त्याच्याकडून घ्यायची वेळ आली की खरी परीक्षा होते.

देवाबद्दलची आपली कल्पनासुद्धा इथे तपासावी लागते. ज्या देवाला कोणाकडून काहीच लागत नाही, जो फक्त वरून देतो, त्याच्या भक्तांनाही तसंच व्हावंसं वाटलं तर नवल नाही. पण ख्रिस्ती श्रद्धेच्या मुळाशी असलेली कथा तान्ह्या बाळापासून सुरू होते. त्या बाळाला कोणीतरी गुंडाळलं, पाजलं, मारेकऱ्यांपासून वाचवायला रातोरात उचलून परदेशात नेलं. देव माणसात आला तो आधी मदत घेणारा म्हणून आला, हे नाताळच्या गाण्यांत आपण गातो आणि जानेवारीच्या अंदाजपत्रकात विसरतो.

येशूनंतर मंडळ्या उभ्या करत फिरणाऱ्या पौलाच्या पत्रांत हा सगळा प्रश्न पैशाच्या भाषेत येतो, म्हणून ती मला अधिक उपयोगी वाटतात. रोमन जगात देणगी ही साधी गोष्ट नव्हती. श्रीमंत माणूस द्यायचा आणि घेणारा त्याचा आश्रित व्हायचा. सकाळी उठून त्याच्या दारी मुजऱ्याला जायचं, चारचौघांत त्याचा मोठेपणा गायचा, अशी ती रीत होती. करिंथमध्ये पौलाने मंडळीकडून पैसे घेतले नाहीत. तंबू करण्याचं काम करून तो पोट भरत होता. करिंथकरांना हे लागलं, हे त्यांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रावरून सरळ कळतं. त्यांना आणखी लागलं असणार ते हे, की त्याच काळात तो मासेदोनियाच्या बांधवांकडून मदत घेत होता. मासेदोनियातल्याच फिलिप्पैच्या मंडळीला तर तो लिहितो की देण्याघेण्याच्या बाबतीत तुमच्याखेरीज एकही मंडळी माझी भागीदार झाली नाही.

एकाकडून घ्यायचं आणि दुसऱ्याला नाही म्हणायचं, ही लहर नव्हती. माझं वाचन असं आहे की पैसे देऊन माणूस विकत घेतला जाईल असं जिथे त्याला दिसलं, तिथे त्याने हात मागे घेतला. जिथे देणारे बरोबरीच्या नात्याने वागत होते, तिथे त्याने घेतलं. आणि घेतानाही तो किती अवघडला आहे ते बघण्यासारखं आहे. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात तो आभार मानायला लागतो, मग लगेच सांगतो की मला गरज होती म्हणून बोलत नाही, आहे त्यात समाधान मानायला मी शिकलो आहे. मग म्हणतो की तरीही तुम्ही माझ्या संकटात वाटेकरी झालात हे बरं केलंत. तुरुंगात बसलेला, स्वाभिमानी, स्वतःच्या हातांनी कमावलेला हा माणूस मदत स्वीकारताना असा पुढेमागे होतो. ज्याने कधी नाइलाजाने कोणाकडून काही घेतलं आहे, त्याला त्या ओळींतली घालमेल समजेल.

रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात तो लिहितो की तुम्हाला एखादं आत्मिक दान द्यावं म्हणून तुमच्या भेटीची मला ओढ आहे. आणि तिथल्या तिथे स्वतःला सावरतो. म्हणजे असं की तुमच्या विश्वासाने मला आणि माझ्या विश्वासाने तुम्हाला, असा दोघांनाही धीर मिळावा. ज्या मंडळीला त्याने कधी पाहिलं नव्हतं, तिच्याकडून आपल्याला काही मिळणार आहे हे तो आधीच धरून चालतो.

यरुशलेमच्या गरिबांसाठी पौलाने जी वर्गणी जमवली, तिच्याबद्दल लिहिताना तो समानतेची कसोटी लावतो. आज तुमच्याकडे जास्त आहे तर त्यांची गरज भागावी, उद्या त्यांच्याकडे जास्त असेल तेव्हा तुमची. इथपर्यंत पुष्कळांना माहीत असतं. पुढची गोष्ट क्वचितच बोलली जाते. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटाकडे तो वाचकांना प्रार्थना करायला सांगतो की ही मदत यरुशलेमच्या लोकांना मान्य व्हावी. देणाऱ्याला धाकधूक आहे की घेणारे घेतील की नाही. यहुदी नसलेल्या परराष्ट्रीयांचा पैसा नको, असं ते म्हणू शकत होते, आणि त्यांच्या हातात नकार होता म्हणूनच त्यांच्या स्वीकाराला अर्थ होता. आपल्या किती मदतकार्यांत अशी धाकधूक असते? घेणाऱ्याने नाही म्हटलं तर चालेल, त्याचं पुढच्या महिन्याचं नाव कापलं जाणार नाही, असं किती ठिकाणी त्याला खात्रीने वाटतं?

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो वजनदार आहे. परतफेडीची अपेक्षा न ठेवता द्या, असं तर येशूनेच सांगितलं. मेजवानी दिलीस तर गरिबांना, लंगड्यांना, आंधळ्यांना बोलाव, कारण त्यांच्याकडे परत द्यायला काही नाही, असं लूकच्या चौदाव्या अध्यायात आहे. मग एकमेकांचं देणंघेणं म्हणजे पुन्हा हिशेबच नव्हे का? पण तो उतारा नीट वाचा. जेवणाची पाकिटं पाठवून दे, असं तिथे म्हटलेलं नाही. पंगतीला बोलाव, असं म्हटलं आहे. पंगतीत बसलेला माणूस बोलतो, हसतो, मीठ कमी पडलंय म्हणतो, यजमानाच्या शेजारी त्याचं पान मांडलेलं असतं. परतफेडीचा हिशेब संपला की माणसं शेजारीशेजारी बसू शकतात. मी ज्या परस्परतेबद्दल बोलतो आहे ती तिथून सुरू होते. तिच्यात दोन्ही बाजूंनी सारखंच देणं घडत नाही, कधी घडणारही नाही. दोघांचं म्हणणं मात्र सारखं ऐकलं जातं, आणि भेटीनंतर दोघांपैकी कोणीही बदलू शकतो.

१७८७ साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात रिचर्ड ॲलन आणि अब्सलोम जोन्स या दोन कृष्णवर्णीय ख्रिस्ती माणसांनी फ्री आफ्रिकन सोसायटी नावाची संस्था काढली. दोघेही गुलामगिरीत जन्मले होते. सभासदाने महिन्याला चांदीचा एक शिलिंग द्यायचा. वर्षभर वर्गणी भरली की अडचणीत सापडलेल्या सभासदाला आठवड्याला ३ शिलिंग ९ पेन्स मिळायचे, आणि तो वारला तर त्याच्या विधवेची आणि मुलांची काळजी घेतली जायची. आज देणारा उद्या घेणारा होऊ शकतो हे त्या नियमांतच लिहिलेलं होतं, त्यामुळे घेताना कोणाला मान खाली घालावी लागत नव्हती. त्याच काळात त्या शहरातल्या एका मेथडिस्ट चर्चमध्ये प्रार्थनेसाठी गुडघे टेकून बसलेल्या जोन्सला, ही जागा तुमची नाही म्हणून ओढून उठवण्यात आलं. एकमेकांचं ओझं वाहण्याची ख्रिस्ती शिकवण त्या शहरात जगली ती या उठवलेल्या माणसांमध्ये.

१७९३ साली त्या शहरात पिवळ्या तापाची साथ आली. सुमारे पाच हजार माणसं मेली, ज्यांना शक्य होतं ते पळून गेले. कृष्णवर्णीयांना हा ताप होत नाही अशा चुकीच्या समजुतीने डॉक्टर बेंजामिन रश यांनी त्यांना शुश्रूषेसाठी आवाहन केलं, आणि ॲलन, जोन्स आणि त्यांची माणसं पुढे झाली. त्यांनी आजाऱ्यांची सेवा केली, मृतांना पुरलं, त्यांच्यातलेही कित्येक मेले. साथ ओसरल्यावर मॅथ्यू केरी या प्रकाशकाने छापलं की काही कृष्णवर्णीय परिचारकांनी अव्वाच्या सव्वा पैसे उकळले, चोऱ्या केल्या. १७९४ मध्ये ॲलन आणि जोन्स यांनी जमाखर्चासकट उत्तर छापून काढलं. मला या प्रसंगात दिसतं ते असं: ज्यांच्या हातून पाणी प्यायलं, त्यांना आपल्या बरोबरीचं मानण्याची मात्र त्या समाजाची तयारी नव्हती. सेवा घेणं म्हणजे परस्परता नव्हे. वरच्या पायरीवर बसूनही माणूस खूप काही घेऊ शकतो. घरकाम करणाऱ्या, म्हाताऱ्यांना आंघोळ घालणाऱ्या, रस्ते झाडणाऱ्या माणसांकडून आपण रोज घेतो आणि त्याला घेणं म्हणतही नाही.

म्हणून सत्तेचा प्रश्न टाळून एकमेकांच्या प्रेमाबद्दल बोलणं मला धोक्याचं वाटतं, आणि त्याचं सगळ्यांत वेदनादायक उदाहरण आपल्याच गोटातलं आहे. १९६४ साली जाँ व्हानिए यांनी फ्रान्समधल्या त्रॉसली-ब्रोय या गावात एक घर घेतलं आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांबरोबर राहायला सुरुवात केली. त्यातून ‘लार्श’ ही चळवळ उभी राहिली आणि तीसहून अधिक देशांत पसरली. अपंग आणि अपंग नसलेली माणसं एका घरात राहतात, एकत्र स्वयंपाक करतात, एकत्र जेवतात. तिथे राहिलेली माणसं सांगतात की आम्ही सांभाळायला गेलो आणि आम्हीच सांभाळले गेलो. हे खोटं नाही. बोलता न येणारा माणूस दुसऱ्याला घाई सोडायला शिकवू शकतो. त्याला भरवताना चमचा किती भरायचा, कधी थांबायचं, तो गिळतो आहे की नुसता घोळवतो आहे, हे त्याच्याच चेहऱ्याकडे बघून शिकावं लागतं. ज्याच्याकडे द्यायला काहीच नाही असं आपण म्हणतो, तो माणूस त्या घासाची गती ठरवत असतो.

आणि मग फेब्रुवारी २०२० मध्ये, व्हानिए यांच्या मृत्यूनंतर वर्षभराच्या आत, लार्शने स्वतःच चौकशीचा अहवाल प्रसिद्ध केला. आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या नावाखाली व्हानिए यांनी सहा स्त्रियांचं लैंगिक शोषण केलं होतं. २०२३ मधल्या सविस्तर अहवालात ही संख्या किमान २५ असल्याचं पुढे आलं. त्या स्त्रिया अपंग नव्हत्या. त्यांच्यावर त्याची सत्ता होती ती संतपणाची. दुर्बळतेबद्दल, एकमेकांसाठी उघडं होण्याबद्दल इतकं सुंदर लिहिणाऱ्या माणसाने तीच भाषा जाळं म्हणून वापरली.

या घटनेनंतर परस्परतेबद्दल लिहायचं तर दोन गोष्टी सोडता येणार नाहीत. जिथे एकाला नाही म्हणता येत नाही, तिथे त्या नात्याला परस्पर म्हणायचं नाही. पाळक आणि त्याच्याकडे दुःख घेऊन आलेली व्यक्ती, मालक आणि नोकर, शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यात प्रेम आणि आदर असू शकतो, पण सत्ता ज्याच्या हातात आहे त्याच्यावर मर्यादांचं ओझं जास्त असलंच पाहिजे. दुसरी गोष्ट म्हणजे तक्रारीची वाट. ती संस्थापकाच्या, पाळकाच्या, समितीच्या हातात नसलेल्या ठिकाणी जायला हवी. लार्शने हे सत्य बाहेरच्या तज्ज्ञांकडून शोधून घेतलं आणि दडवलं नाही, याचं श्रेय तिला द्यावं लागेल. पुष्कळ मंडळ्या असं करत नाहीत.

घरातल्या छळाबद्दल बोलतानाही हेच. मार खाणाऱ्या बायकोला ‘एकमेकांना क्षमा करा’ हे वचन ऐकवणं म्हणजे पवित्र शास्त्राचा गैरवापर आहे. एकमेकांना या शब्दाचा आधार घेऊन नेहमी एकालाच वाकायला लावलं जातं. वर्णभेदी राजवटीतल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या दक्षिण आफ्रिकेतल्या सत्य आणि सलोखा आयोगाचं उदाहरण मोठ्या पातळीवर हेच सांगतं. १९९६ मध्ये आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखाली सुनावण्या सुरू झाल्या. माणूस माणसांमुळेच माणूस होतो, ही तिथली जुनी समज टुटूंनी ख्रिस्ती विश्वासाशी जोडून जगापुढे ठेवली, आणि हजारो लोकांना आपलं दुःख सगळ्यांसमोर बोलता आलं. मी टुटूंचा मनापासून ऋणी आहे. पण गुन्हा कबूल करणाऱ्यांपैकी ज्यांना माफी मिळाली ती थेट मिळाली, तर बळी पडलेल्यांना मिळाले २००३ मध्ये जाहीर झालेले एकरकमी ३०,००० रँड. आयोगाने स्वतः सहा वर्षं दरवर्षी रक्कम देण्याची शिफारस केली होती. सलोख्यातला आपला वाटा बळी गेलेल्यांनी आधी दिला आणि समोरून येणारा वाटा उशिरा, तोकडा आला.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ च्या एप्रिलमध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात सगळी माणसं एकमेकांत गुंतलेल्या एकाच जाळ्यात बांधलेली आहेत असा विचार मांडला. तो आता शुभेच्छापत्रांवर छापला जातो. ते पत्र मात्र आठ गोऱ्या धर्मगुरूंना दिलेलं उत्तर होतं. निदर्शनं थांबवा, धीर धरा, असा त्यांचा सल्ला होता. त्यांच्याशी नातं आहे म्हणूनच किंग यांनी त्यांना इतकं खडसावून लिहिलं. एकमेकांत गुंतलेले आहोत असं मानणाऱ्या मंडळीत भांडण होणारच, आणि व्हायला हवं.

रोजच्या जगण्यात हे सगळं फार साध्या ठिकाणी येऊन भिडतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या आजारपणात धावून गेलेली माणसं स्वतः आजारी पडली की दार लावून घेतात. कोणाला त्रास नको, म्हणतात. लोक त्याला नम्रता समजतात. योहानाच्या तेराव्या अध्यायात येशू पाय धुवायला वाकतो तेव्हा त्याचा शिष्य पेत्रही हेच म्हणतो, माझे पाय तू कधीच धुवायचे नाहीस. आणि त्याला मिळणारं उत्तर कडक आहे. धुऊ दिले नाहीस तर तुझा माझा संबंध नाही. स्वतःची धूळ, भेगा, वास दुसऱ्याला दिसू देणं पेत्राला जड गेलं, आपल्यालाही जातं. पाळक दर रविवारी सगळ्यांसाठी प्रार्थना करतात. त्यांच्यासाठी कोण करतं, आणि कशासाठी करायची हे ते कधी सांगतात का? मित्रमंडळीत जो नेहमी ऐकून घेतो, सल्ला देतो, त्याच्या घरचं दुखणं कोणाला ठाऊक असतं? त्याने कधीतरी बोलावं, आणि समोरच्याचा सल्ला खरोखर मानून बघावा, ही मला मोठी धार्मिक कृती वाटते.

आता पुन्हा बैठकीकडे. माझी मागणी अशी आहे. मदतकार्याच्या समितीत किमान एक तृतीयांश जागा मदत घेणाऱ्यांच्या असाव्यात, त्यांची निवड रांगेतल्या माणसांनी करावी, पाळकांनी नव्हे. पैशाच्या निर्णयात त्यांचं मत इतरांइतकंच मोजलं जावं. बैठकीची वेळ त्यांच्या कामाच्या वेळेशी जुळवावी, जाण्यायेण्याचा खर्च द्यावा, लहान मुलांना सांभाळायची सोय करावी, नाहीतर कागदावरची जागा रिकामीच राहते. आणि काम करायचंच नसेल, नुसतं घ्यायचं असेल, तर तेही विनासवाल चालावं. थकलेल्या माणसाला स्वयंसेवक व्हायला लावणं हीदेखील एक जबरदस्ती आहे.

पक्षपात होईल, असं म्हणतात. होऊ शकतो. देणगीदारांच्या समितीतही होतो, आणि दोन्हीवर उपाय एकच, हिशेब उघडा ठेवणं. खाजगी गोष्टी बाहेर जातील, ही भीती खरी आहे, म्हणून समितीने धोरण ठरवावं आणि घरोघरचे अर्ज दोनतीन विश्वासू माणसांनीच बघावेत. निर्णयांना वेळ लागेल, हे तर मान्यच.

सगळ्यांत अवघड गोष्ट निराळी आहे. अशी समिती उद्या ठरवू शकते की सणाला भेटवस्तू वाटणं बंद करा, फोटो काढणं बंद करा, आणि तो पैसा थकलेल्या घरभाड्यांसाठी किंवा वकिलाच्या फीसाठी वापरा. ती असंही म्हणू शकते की आमच्या पगाराबद्दल तुमच्यातल्याच एका कारखानदार सभासदाशी बोला. तेव्हा काही देणगीदार नाराज होतील. काही जातील. जाणाऱ्यांत मोठी रक्कम देणारेही असतील. मंडळीने समितीत त्या जागा ठेवायचं ठरवलं, तर ही घट पहिल्याच वर्षाच्या अंदाजपत्रकात धरून चालावं लागेल.